हे माप कोणाचं?

विरार स्टेशनात सकाळची चर्चगेट लोकल लागते तेव्हा ती पुरती थांबलेलीही नसते आणि बायकांच्या डब्यातल्या खिडक्या संपलेल्या असतात. पर्स आधी आत जाते, मागून माणूस. नालासोपारा आणि वसईच्या काहीजणी तर बसायला मिळावं म्हणून आधी उलट दिशेने विरारला येतात आणि त्याच गाडीने परत निघतात. पुढच्या दीड तासात इथे मेथी निवडली जाते, भजन होतं, कुणाच्या तरी लेकीच्या दहावीचे पेढे डब्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जातात. नवरात्रात अख्खा डबा एका रंगाचा होतो. आणि कुठेही लिहून न ठेवलेला एक नियम काटेकोर पाळला जातो. उभी असलेली बसलेलीला विचारते, ''कुठे उतरणार?'' उत्तर मिळालं की ती सीट तिची. मधे दुसरी कुणी बसू पाहील तर आजूबाजूच्या चौघी साक्ष द्यायला तयार असतात.

या डब्यातून मी बरीच वर्षं नोकरीला गेले. माझ्या नोकरीतली सर्वांत मोठी सोय मला ऑफिसने कधी दिलीच नव्हती, हे मात्र फार उशिरा लक्षात आलं. ती रेल्वेच्या वेळापत्रकात होती.

१२ एप्रिल १८६७ रोजी विरारहून मुंबईच्या बॅकबेपर्यंत पहिली उपनगरी गाडी निघाली. दिवसाला एक. सकाळी पावणेसातला विरार सोडायची आणि संध्याकाळी साडेपाचला मुंबईहून परत फिरायची. हे वेळापत्रक मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा त्याच्यात मला एक माणूसच दिसला. सकाळी घरातून निघाला की संध्याकाळपर्यंत ज्याला घरात काही काम नाही असा. पाणी भरायचं, मूल शाळेत सोडायचं, आजारी सासऱ्यांना औषध द्यायचं, हे सगळं दुसरं कुणीतरी करतं असा. त्या गाडीच्या वेळा त्याच्याच दिवसाच्या मापाने बेतलेल्या होत्या.

त्यानंतर १२५ वर्षांनी, ५ मे १९९२ला, पश्चिम रेल्वेने चर्चगेट ते बोरिवली अशी अख्खी गाडी फक्त बायकांसाठी सोडली. जगातली पहिली लेडीज स्पेशल म्हणून ती ओळखली जाते. १९९३मध्ये ती विरारपर्यंत आली.

त्या वर्षांत काय घडलं आणि काय घडलं नाही, याचा विचार केला की मी अजून थक्क होते. नरिमन पॉइंटच्या एकाही कंपनीने आपले नियम बदलले नव्हते. कुणा साहेबाला समानतेचं प्रशिक्षण मिळालं नव्हतं. नोकरीच्या जाहिराती आधीच्या आठवड्यात होत्या तशाच होत्या, 'पात्र उमेदवारांनी अर्ज करावेत'. त्या नोकऱ्या विरारच्या मुलीलाही आधीपासून खुल्या होत्या, पण कागदावर. चर्चगेट विरारपासून साठ किलोमीटर. गर्दीच्या वेळी डब्यात एका चौरस मीटरमध्ये चौदा-सोळा माणसं उभी असतात, असं रेल्वेचेच लोक सांगतात. त्या गर्दीत दोन वेळा अंग चोरून उभं राहायचं की घराजवळच्या दुकानात निम्म्या पगारावर बसायचं, असा तो हिशेब होता. एक गाडी वाढली आणि हिशेब फिरला. ऑफिसचं दार तेवढंच होतं, फक्त दारापुढे पायरी आली.

शिंप्याने शिवलेला कपडा अंगाला बसला नाही तर दोष कपड्याला द्यायचा, अंगाला नाही, हे आपल्याला कळतं. कामाच्या जागेबद्दल मात्र आपण नेमकं उलट करतो. माणूस बसला नाही की 'तिला झेपलं नाही', 'त्याला जमणार नाही' म्हणतो. ती जागा कुणाच्या मापाने शिवली होती, हे विचारायचं राहूनच जातं.

मापाची एक गोष्ट आहे, ती मी भेटेल त्याला सांगते. १९५०च्या सुमारास अमेरिकी हवाई दलाला एक कोडं पडलं होतं. चांगले शिकलेले वैमानिक विमानांवरचा ताबा गमावत होते. विमानातली बसायची जागा सरासरी वैमानिकाच्या मापाने बनवलेली होती. गिल्बर्ट डॅनियल्स नावाच्या तरुण संशोधकाने ४,०६३ वैमानिकांची मापं घेतली. त्यातली उंची, छाती, हाताची लांबी अशी दहा महत्त्वाची मापं निवडली आणि प्रत्येक मापात सरासरीच्या आसपासचा ऐसपैस पट्टा आखला. मग त्याने मोजलं, दहाही मापांत या पट्ट्यात बसणारे किती? हवाई दलाला वाटत होतं, बहुतेक सगळे. उत्तर आलं शून्य.

चार हजारांत एकही नाही. आणि हे सगळे पुरुष होते, त्याच दलाने निवडून घेतलेले, एकमेकांसारखेच. ज्या माणसासाठी विमान बनवलं होतं तो माणूस अस्तित्वातच नव्हता. त्यानंतर हवाई दलाने माणसाप्रमाणे बदलता येणाऱ्या जागेचा आग्रह धरला, पुढेमागे सरकणारी सीट, पाय पोचतील तिथे आणता येणारे पेडल, कमीजास्त करता येणारे पट्टे. आज मोटारीत बसताना आपण सीट पुढे ओढतो तेव्हा जागा अशीच आपल्या मापाची करून घेत असतो.

ऑफिसातली थंडीसुद्धा अशीच कुणाच्या तरी मापाची असते. एसीच्या ऑफिसात बायका शाल घेऊन बसतात, हे आपल्याकडे चेष्टेने सांगितलं जातं. २०१५मध्ये नेदरलँड्सच्या दोन संशोधकांनी दाखवून दिलं की इमारतींच्या तापमानाचं जुनं गणित चाळीस वर्षांच्या, सत्तर किलोच्या पुरुषाचं शरीर धरून मांडलेलं आहे. बायकांच्या शरीरात किती उष्णता तयार होते याचा त्यातला अंदाज ३५ टक्क्यांपर्यंत जास्त निघू शकतो. म्हणजे ती शाल नाजूकपणाची नव्हती. ती एका चुकलेल्या आकड्यावर टाकलेलं ठिगळ होती.

माप नेहमी शरीराचंच असतं असंही नाही. मुंबईतल्या मॅकिनन मॅकेंझी या जहाज कंपनीतल्या एका लेडी स्टेनोग्राफरचा खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि १९८७मध्ये निकाल लागला. लघुलेखन तेच, टंकलेखन तेच, पण पुरुष स्टेनोग्राफरांची पगारश्रेणी वेगळी आणि बायकांची वेगळी. कंपनी म्हणाली, हा भेदभाव नाही, युनियनशी झालेला करारच तसा आहे, आणि वाढीव पगार आम्हाला परवडणारही नाही. न्यायालयाने दोन्ही म्हणणी बाजूला ठेवली. सारख्या कामाला सारखा पगार हा १९७६चा कायदा होता आणि मालकाची ऐपत हा त्याला अपवाद नव्हता. मला या खटल्यातलं सर्वांत विलक्षण वाटतं ते हे, की त्या पगाराच्या तक्त्यात कुणाच्याही मनातला द्वेष लिहिलेला नव्हता. फक्त दोन रकाने होते. वर्षानुवर्षं कुणी हात न लावलेले.

प्रसूतीची रजा हीही अशीच मापाची गोष्ट. आज ती सवलत वाटते, पण तिची मुळं आपल्याच मातीत आणि बरीच जुनी आहेत. १९२८मध्ये मुंबईच्या विधिमंडळात गिरणीकामगार स्त्रियांच्या प्रसूतीच्या विधेयकावर डॉ. बाबासाहेब आंबेडकर पाठिंब्याने बोलले. आईला विश्रांती मिळणं हे राष्ट्राच्याच हिताचं आहे, असा त्यांचा मुद्दा होता. १९२९चा मुंबई इलाख्याचा तो कायदा देशातला या प्रकारचा पहिला. त्याच धाग्याने पुढे १९६१चा केंद्रीय कायदा आला आणि २०१७पासून पहिल्या दोन मुलांसाठी ही रजा २६ आठवड्यांची झाली. पन्नास किंवा जास्त माणसं कामाला असतील तिथे पाळणाघराची सोय हवी, असंही त्यात आलं.

पन्नास. हा आकडा घेऊन वसई रोडला पूर्वेला उतरा. वालीव, सातिवली, गवराईपाडा, जिकडे जाल तिकडे इंडस्ट्रियल इस्टेट, आणि प्रत्येक इस्टेटीत एकाला लागून एक गाळे. अर्धं वर गेलेलं शटर, आत दोन मशिनं, भिंतीला लागून पॅकिंगचं लांब टेबल, आणि त्या टेबलाशी उभ्या बायका. खोक्यावर लेबल चिकटवणाऱ्या, नटबोल्ट मोजून पिशवीत भरणाऱ्या, प्लास्टिकच्या कडा ब्लेडने साफ करणाऱ्या. अशा गाळ्यात माणसं असतात आठ किंवा नऊ. पन्नास सोडा, दहासुद्धा नाहीत.

आणि दहा हा आकडाही कायद्यात फार महत्त्वाचा आहे. कामाच्या ठिकाणी होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्धचा २०१३चा कायदा म्हणतो, दहा किंवा जास्त माणसं असतील तिथे मालकाने अंतर्गत समिती नेमली पाहिजे. त्याहून कमी असतील तर? तर बाईने दाद मागायची जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे. १ ऑगस्ट २०१४ला ठाण्यातून पालघर जिल्हा वेगळा झाला. त्यामुळे ती समिती आता पालघर जिल्ह्याची, म्हणजे मुख्यालय विरारच्याही पुढे, रोजच्या गाडीच्या उलट दिशेला. कायदा करणाऱ्यांना हे अंतर सुचलं नव्हतं असं नाही. तालुक्यात आणि शहराच्या प्रभागात तक्रार घेणारा एक समन्वय अधिकारी असावा आणि त्याने सात दिवसांत ती पुढे पाठवावी, अशी तरतूद त्यात आहे. मला मनापासून वाटतं, त्या अधिकाऱ्याचं नाव आणि फोन नंबर प्रत्येक गाळ्याच्या शटरच्या आतल्या बाजूला, विजेच्या मीटरशेजारी चिकटवलेला असावा. दोन रुपयांचा कागद. पण जिथे कायद्याची पायरी संपते तिथे तो पायरी होईल.

आकाराने छोट्या जागेत समानता आणायला पैसा लागतो, हा समज मला फारसा पटत नाही. पाळणाघर एका गाळ्याला परवडणार नाही, कबूल. पण एका इस्टेटीत चाळीस गाळे असतात. त्यांना पाणी एकत्र मिळतं, वॉचमन एकत्र ठेवता येतो, गणपतीची वर्गणी एकत्र निघते. मग एक खोली, एक पाळणा आणि एक सांभाळणारी बाई एकत्र का ठेवता येऊ नये?

संडास हा तर याहून साधा प्रश्न. २०११पासून मुंबईत 'राइट टू पी' नावाची मोहीम चालली ती या एकाच गोष्टीसाठी. पुरुषांना मुतारी फुकट आणि बायकांना पैसे, हा हिशेब बायकांनी मोजून दाखवला. जिथे जायला जागा नाही तिथे बाई दिवसभर पाणी पीत नाही. गाळ्यात, बाजारात, बंदोबस्तावर, सगळीकडे हेच. रेल्वेच्या इंजिनातही. सुरेखा यादव यांचं नाव आपण कौतुकाने घेतो. साताऱ्याची ही मुलगी १९८९मध्ये मध्य रेल्वेत सहायक चालक म्हणून लागली आणि देशातली पहिली महिला रेल्वेचालक ठरली. एप्रिल २०००मध्ये मध्य रेल्वेची लेडीज स्पेशल, ८ मार्च २०११ला डेक्कन क्वीन, १३ मार्च २०२३ला सोलापूरहून मुंबईला वंदे भारत, आणि ३६ वर्षांच्या सेवेनंतर २०२५मध्ये निवृत्ती. पण आजही कितीतरी इंजिनांमध्ये चालकासाठी संडास नाही. ते इंजिन कुणाच्या मापाने बांधलं गेलं हे यातूनच दिसतं. आणि ती गैरसोय इतकी वर्षं पुरुष चालकही सोसत आले होते. बायका आल्यावर तो प्रश्न जास्त मोठ्याने विचारला गेला.

मला सर्वांत जास्त चकित करते ती हीच गोष्ट. एकासाठी माप बदललं की सोय भलत्याच कुणाची तरी होते. लोकलमध्ये 'पुढील स्टेशन वसई रोड' अशी घोषणा होते. ज्याला खिडकीबाहेरची पाटी दिसत नाही त्याला ती घोषणा म्हणजे डोळे. पण तिच्यावर विसंबून रात्रपाळी करून आलेला वॉर्डबॉय झोपतो, पहिल्यांदा मुंबईत आलेला बिहारचा मुलगा उतरतो, नव्याण्णव माणसांच्या पाठींमागे उभी राहिलेली मी उतरते. प्लॅटफॉर्मवर अपंगांचा डबा जिथे थांबतो तिथे बीप बीप असा आवाज येत असतो. तो आवाज कशासाठी आहे हे रोज ऐकणाऱ्या कितीतरी जणांना माहीत नसतं. दृष्टी नसलेल्या एखाद्या माणसाची नोकरी त्या आवाजाला बांधलेली असते. १९९५च्या कायद्यात अपंगत्वाचे सात प्रकार मोजले होते, २०१६च्या कायद्यात एकवीस. सरकारी नोकऱ्यांतल्या राखीव जागा तीनवरून चार टक्के झाल्या. आणि एक शब्द ठळक झाला, वाजवी सोय. २०२१मध्ये सर्वोच्च न्यायालयाने यूपीएससीच्या एका उमेदवाराच्या प्रकरणात हा शब्द उलगडून सांगितला. लिहिताना त्याच्या हाताला पेटके येत आणि त्याला लेखनिक हवा होता. ठरावीक टक्केवारीचं अपंगत्व नाही एवढ्यावरून लेखनिक नाकारता येणार नाही, असं न्यायालयाने सांगितलं. परीक्षा बुद्धीची होती, बोटांची नव्हती.

फॉर्मचंही माप असतं. पोलिस भरतीच्या अर्जात दोनच चौकटी होत्या, पुरुष आणि स्त्री. डिसेंबर २०२२मध्ये प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेल्यावर तृतीयपंथीयांसाठी तिसरी चौकट आली आणि त्यांच्या शारीरिक चाचणीचे नियम करायचं सरकारने मान्य केलं. आमच्या डब्यात टाळी वाजते तेव्हा आम्ही पर्समधून दहाची नोट काढतो आणि देताना चेहऱ्याकडे बघत नाही. मीही बघत नव्हते. त्या हाताला दुसरं काय काम मिळालं असतं, हा विचार त्या तिसऱ्या चौकटीची बातमी वाचेपर्यंत माझ्या डोक्यात आला नव्हता.

लेडीज स्पेशलवर एक आक्षेप कायम घेतला जातो आणि तो प्रामाणिक आहे. वेगळा डबा म्हणजे समानता कशी? वेगळं बसवणं हे तर तुटणं झालं. मला याचं उत्तर त्या डब्यानेच दिलं. माणसं जिथे पोचणार आहेत ती जागा एकत्र असली पाहिजे. तिथवर जाण्याची वाट काही काळ वेगळी असू शकते. डबा वेगळा म्हणून ऑफिस एकत्र झालं. ज्या दिवशी सामान्य डब्यातून विरारची मुलगी अंग न चोरता, निर्धास्त जाऊ शकेल त्या दिवशी हा प्रश्न पुन्हा काढू.

पण डब्याच्या आत आम्ही काय करतो, हे मात्र विचारायलाच हवं. आधी तिथे कोण कोण असतं ते पाहा. वसई-विरारसारखे प्रदेश कमीच असतील. दोन स्टेशनांच्या अंतरात कुपारींची सामवेदी, वाडवळी, कोळ्यांची आणि मांगेल्यांची बोली, आगरी, वारली, शिवाय गुजराती आणि भोजपुरी कानावर पडते. नंदाखालची एखादी मुलगी घरी सामवेदी बोलते, शाळेत मराठी शिकलेली असते, गाडीत हिंदीत भांडते आणि दहा वाजता इंग्रजीत 'गुड मॉर्निंग' म्हणते. चार भाषांत वावरणाऱ्या या मेंदूचं मोल मुलाखत घेणाऱ्याला तिच्या इंग्रजी उच्चारात दिसत नाही.

आणि अर्नाळ्याची, पाचूबंदरची, नायगावची कोळीण? घरचे पुरुष समुद्रावर जातात. मासळी किनाऱ्याला लागली की भाव ठरवणं, बर्फ, वाहतूक, विक्री, उधारी, सगळा धंदा तिच्या हातात. खरेदी-विक्री, साठवण आणि हिशेब एकटी सांभाळणाऱ्या माणसाला ऑफिसात वेगळी केबिन देतात. तिची पाटी बायकांच्या डब्यात आली तर आम्ही नाकाला पदर लावतो आणि म्हणतो, ''लगेज डब्यात जा ना मावशी.'' पहाटेच्या गाड्यांतून इथल्या वाड्यांतला सोनचाफा दादरच्या फूलबाजारात जातो. त्याच्या वासाला कुणी हरकत घेत नाही. दोन्ही वास कष्टाचे आहेत. पाटी ठेवायला नियमाने जागा लगेजमध्ये आहे, मान्य. पण विकून परत येताना, पाटी रिकामी आणि धुतलेली असतानाही, ती सवयीने दाराशी खालीच बसते. आणि खाली बसलेलीला ''कुठे उतरणार?'' कुणी विचारत नाही, कारण तिच्याकडे सीटच नसते.

गेल्या पावसाळ्यातली संध्याकाळ. भाईंदरची खाडी गेली, नायगाव गेलं. दाराशी एक कोळीण रिकाम्या पाटीला टेकून बसली होती, गुडघा चोळत. वसईला खिडकीजवळची एक सीट मोकळी झाली. आधी बोलून ठेवलेली एक कॉलेजची मुलगी तिथे बसायला वळली, थांबली, आणि म्हणाली, ''मावशी, तुम्ही बसा.'' मावशी दोनदा नको म्हणाल्या, मग पाटी पायाशी घेऊन बसल्या. नालासोपारा यायच्या आत गर्दीतून एक हात पुढे आला. बॅग खांद्यावर, डोळ्यांवर झोप, ऑफिसातून थकून आलेली कुणी. तिने मावशींकडे वाकून विचारलं, ''कुठे उतरणार?''

मावशींनी मान वर केली. हा प्रश्न आपल्यालाच आहे का, हे बघायला त्यांनी एकदा शेजारणीकडे पाहिलं. मग म्हणाल्या, ''विरार.''